कणकेच्या एका गोळ्यातून फुलपाखरू : लहानग्यांना जीवनचक्र कसं शिकवावं

तीन-चार वर्षांच्या मुलाला अंडं, अळी, कोष, फुलपाखरू अशी चार चित्रं दाखवली, की ते चारही नावं घडाघडा म्हणतं. पण हा सगळा एकच जीव आहे, हे त्याला उमगलेलं असतंच असं नाही. अनेकदा त्याच्या लेखी ते चार वेगळे प्राणी असतात. म्हणून दर टप्प्याला नवं खेळणं देऊ नका. एकच वस्तू मुलाच्या हातात बदलत जाऊ दे.

आधी खरी अळी शोधा. नाशिकमध्ये त्यासाठी लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात गॅलरीतल्या कढीपत्त्यावर किंवा अंगणातल्या लिंबावर लिंबाचं फुलपाखरू अंडी घालतं. कोवळ्या पानावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढं फिकट पिवळं अंडं दिसेल. त्यातून निघणारी अळी काळी-पांढरी असते, बघणाऱ्याला पक्ष्याची विष्ठाच वाटते आणि त्यामुळे ती वाचते. मोठी झाली की हिरवी होते. धोका जाणवला तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो वास मुलांना जरूर घेऊ द्या. केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू देऊ नका, अंगाला खाज सुटते.

अळी फांदीसकट काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा, आत एक वाळकी काडी उभी करा. रोज ताजी पानं घाला. ती घरच्या, फवारणी न केलेल्या झाडाचीच हवीत. बाजारच्या जुडीवर औषध मारलेलं असू शकतं आणि अळी त्याने मरते.

आता खेळ. वाटीभर कणकेत चमचाभर मीठ, थोडं तेल आणि हळद घालून मऊ गोळा मळा. दुसऱ्या वाटीत पालकाच्या रसात हिरवी कणीक भिजवा. मळायचं काम मुलांनाच द्या, पसारा होऊ दे.

पिवळ्या कणकेचा चिमूटभर गोळा म्हणजे अंडं. ते खऱ्या पानावर चिकटवायचं. मग तोच गोळा बोटांनी लांबवला की झाली अळी. तिला भूक लागलीय, म्हणून हिरव्या कणकेचे तुकडे तोडून तिच्यात दाबत राहायचं. अळी हातातच जाड, जड आणि हिरवी होते. इथे घाई करू नका. खाणं आणि वाढणं यांचा संबंध मुलाला याच वेळी कळतो.

वाढताना अळी चार वेळा कात टाकते. ते दाखवायला मुलाच्या हातावर एकावर एक मोजे चढवा आणि एकेक सोलून काढायला सांगा. माझ्या बालवाडीत हा भाग पुन्हा पुन्हा मागितला जातो.

कोषासाठी कणकेची अळी काडीला टेकवून दोऱ्याने बांधा. खरी अळीसुद्धा रेशमी धाग्याने स्वतःला काडीला बांधून घेते. मुलं आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून निश्चल पडून राहू शकतात, पण तोंड उघडं ठेवा. बाहेर आल्यावर ओला, चुरगळलेला हातरुमाल द्या आणि तो हळूहळू पसरून वाळवायला सांगा. कोषातून निघालेल्या फुलपाखराचे पंख असेच ओले आणि दुमडलेले असतात. ते सुकेपर्यंत त्याला उडता येत नाही, म्हणून बरणीतल्या फुलपाखराला ‘मदत’ करायची नाही. शेवटी बांधलेली कणीक सोडवून तिलाच पंख काढायचे.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, थंडीत जास्त. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी निघते, कारण तिच्या आईने आत अंडी घातलेली असतात. मुलांपासून हे लपवू नका. ती प्रश्न विचारतील, तेव्हा साधी खरी उत्तरं द्या.

फुलपाखरू उडालं, की मगच बेडूक घ्या. सब्जा पाण्यात भिजवला की प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत थर येतो. बेडकाची अंडी अशीच दिसतात, मध्ये काळा ठिपका आणि भोवती जेली. परातीत सब्जा घेऊन मुलांना हात बुडवू द्या, शेजारी बसून राहा. बाजारात मिळणारे पाण्यात फुगणारे रंगीत मणी चुकूनही आणू नका. पोटात गेले तर तिथे फुगून आतडं अडवतात. नंतर कणकेच्या गोळ्याला शेपूट काढा, मग मागचे पाय, मग पुढचे, आणि सर्वांत शेवटी शेपूट हळूहळू आत दाबून नाहीशी करा. ती गळून पडत नाही, शरीरातच जिरते. मुलं ती हमखास तोडायला जातात, तेव्हा हे सांगा. खरी पिल्लं बघायला पावसाळ्यात साचलेल्या डबक्याशी जा आणि त्यांना तिथेच राहू द्या.