बेगोनिया बियांपासून: गोव्याच्या दमट हवेत रोपं जगवायची कशी

बेगोनियाचं पाकीट उघडलं की आधी वाटतं दुकानदाराने रिकामंच दिलंय. तळाला तपकिरी धूळ दिसते ना, तेच बी. एका ग्रॅममध्ये ५०,००० च्या वर बिया बसतात, आता बोला. एवढ्याशा बीच्या पोटात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे मातीखाली गेलं की ते वर येऊच शकत नाही, शिवाय उगवायला त्याला उजेड लागतो. मिरची-वांगी लावायची सवय असलेली माणसं इथेच फसतात, सवयीने वरून चिमूटभर माती पसरतात आणि मग महिनाभर ट्रेकडे बघत बसतात.

आधी जात ठरवा. आपल्याकडे वॅक्स बेगोनिया सगळ्यात सोपी, तीच घ्या. कंदवाली, मोठ्या गुलाबासारख्या फुलांची जी फोटोत दिसते तिला थंड रात्री लागतात, पणजीच्या घामट हवेत तिच्यावर पैसे घालू नका. रेक्स, म्हणजे रंगीबेरंगी पानांची बेगोनिया, हवी असेल तर कोणाकडून तरी एक पान मागून आणा, पानापासून ती चांगली होते, बियांच्या भानगडीत कशाला पडायचं.

पेरायचं कधी? चवथ होऊन पाऊस पूर्ण सरला की, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. भर पावसात नको. आता कोणीतरी म्हणणारच की रानातली बेगोनिया तर पावसातच येते, आणि ते खरंच आहे, बेगोनिया क्रेनाटा पावसाळ्यात ओल्या कातळावर गुलाबी फुलं घेऊन उभी असते. पण कातळावरून पाणी वाहून जातं, वारा सतत लागतो. आपल्या प्लास्टिकच्या डब्यात यातलं काहीच नाही, बाहेर हवा आधीच ओलीचिंब, त्यात आत बुरशी धरली की सगळी रोपं एका रात्रीत आडवी.

डबा म्हणजे केकचा पारदर्शक झाकणवाला चालतो. तळाला गरम सुईने भरपूर भोकं पाडा. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट आणली असेल तर ती आधी दोन-तीन पाण्यातून धुवून घ्या, कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ असतं. मग त्यावर उकळतं पाणी ओता, झाकून थंड होऊ द्या. तीन भाग कोकोपीट, एक भाग परलाईट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे), बस. परलाईट नसेल तर नदीची बारीक रेती धुवून घाला, पण समुद्रावरची आणू नका हां, खारट असते. शेणखत, गांडूळखत या पायरीला अजिबात नको, बुरशीला आमंत्रण.

मिश्रण दोन इंच भरून वरून हाताने सपाट करा आणि डबा पाण्याच्या परातीत ठेवा, खालून पाणी चढून वरचा थर ओला दिसला की बाहेर काढून निथळवा. मग पेरणी. कोरा पांढरा कागद मधोमध दुमडायचा, घडीत बी ओतायचं आणि कागद तिरका धरून बोटाने हळूच टिचक्या मारत फिरवायचं. पंखा बंद करा आधी!! बी पडलेलं दिसत नाही, म्हणून एकाच जागी परत परत टाकलं जातं, तेवढं सांभाळा. लेप दिलेलं गोळीवालं बी मिळालं तर थोडं महाग असतं पण नवख्या माणसाने तेच घ्यावं, एकेक ठेवता येतं. वरून काही टाकायचं नाही, स्प्रेही मारायचा नाही, झाकण लावा.

डबा बाल्कांवात, म्हणजे व्हरांड्यात, किंवा खिडकीत, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही अशा जागी. उन्हात ठेवला तर झाकणाखाली बी शिजेल. २२ ते २६ डिग्रीला दोन-तीन आठवड्यांत उगवतं. सुरुवातीला हिरवट ठिपके दिसतात आणि ते शेवाळ की रोप कळत नाही, तेव्हा मोबाईलचा टॉर्च आडवा धरून कॅमेरा झूम करा: दोन गोल इवलीशी पानं समोरासमोर दिसली तर रोप, नुसता चकचकीत पापुद्रा असेल तर शेवाळ.

खरी कसोटी इथून पुढे. झाकणाच्या आतून थेंब गळायला लागले की रोज थोडा वेळ उघडं ठेवायचं, आठवड्याभरात हळूहळू पूर्ण काढायचं. पाणी फक्त खालून, उकळून गार केलेलं, तेही वरचा थर फिका पडल्यावरच. एखाद्या कोपऱ्यात रोपं देठाशी बारीक होऊन पडायला लागली तर तो कोपरा मातीसकट चमच्याने उचलून फेका, रोपांची दया करत बसू नका. पहिला महिनाभर वाढ दिसतच नाही, त्याने घाबरून खत मारू नका. खरी पानं दोन-तीन आली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत, पंधरा दिवसांनी एकदा.

रोपं एकमेकांना टेकायला लागली की टूथपिकने मुळाखालून उचलून वेगळी करा, पानाला धरा, देठाला नाही, देठ दबला की रोप गेलं. पुढे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते तसल्या छोट्या मातीच्या कुंडीत लावा, आता थोडं गांडूळखत चालेल. सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारचं नको. पेरल्यापासून साधारण चार-पाच महिन्यांनी फुलं येतात, शेंडा एकदा खुडला तर झाड भरगच्च होतं.

उरलेलं बी घट्ट डबीत सिलिका जेलची पुडी घालून फ्रिजमध्ये ठेवा. स्वतःच्या झाडाचं बी धरायचं असेल तर पाकळ्यांमागे तीन पंखांची फुगीर पिशवी असते ते मादी फूल, ती पिशवी तपकिरी कागदासारखी झाली की काढा, मात्र पाकिटावर एफ-वन, म्हणजे संकरित, लिहिलेलं असेल तर पुढची फुलं आईसारखीच येतील असं धरून चालू नका.