स्टम्पडब्ल्यूएममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: फ्रेमची विभागणी आणि आकार

माऊसने विंडो ओढण्याची सवय मागे ठेवून जे नुकतेच स्टम्पडब्ल्यूएमकडे, म्हणजे स्क्रीनवर विंडो मांडणाऱ्या आणि मुख्यतः कीबोर्डने चालणाऱ्या या विंडो मॅनेजरकडे वळले आहेत, त्यांना मी सर्वांत आधी हे सांगतो की येथे विभागणी स्क्रीनची होते, विंडोंची नव्हे. फ्रेम म्हणजे स्क्रीनवरची जागा. विंडो त्या जागेत येते, जाते किंवा दुसऱ्या विंडोमागे झाकलेली राहते. त्यामुळे फ्रेम काढून टाकली तरी तिच्यातला प्रोग्राम चालूच राहतो, आणि प्रोग्राम बंद केला तरी फ्रेम जागची हलत नाही. नवख्यांचा बराचसा गोंधळ या एका गोष्टीभोवती असतो.

मूळ रचनेत प्रत्येक आदेशाआधी कंट्रोल-टी दाबावे लागते. त्यानंतर एस दाबल्यास चालू फ्रेमचे वर-खाली दोन भाग पडतात आणि शिफ्टसह एस दाबल्यास शेजारी-शेजारी. नव्या फ्रेममध्ये झाकलेली एखादी विंडो आपोआप येऊन बसते. ती नको असल्यास त्या फ्रेममध्ये जाऊन दुसरी निवडावी. पुढच्या फ्रेममध्ये जाण्यासाठी ओ आहे, तर एफ दाबल्यावर प्रत्येक फ्रेमवर क्रमांक उमटतो आणि तो दाबून थेट तेथे पोहोचता येते.

विभागणीचा क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा. समजा, डावीकडे एडिटर, उजवीकडे वर माहितीपत्रक आणि त्याखाली टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करण्याची विंडो, हवे आहे. अशा वेळी आधी स्क्रीनचे शेजारी-शेजारी भाग पाडावेत आणि मग उजव्या फ्रेममध्ये जाऊन तिचे वर-खाली दोन भाग करावेत. उलट क्रमाने गेल्यास आडवी रेघ पूर्ण स्क्रीनभर जाते आणि टर्मिनल एडिटरच्याही खाली पसरते. आता एडिटरमध्ये असताना आर दाबून उजवा बाण दाबत राहिल्यास एडिटर रुंदावतो आणि उजवीकडच्या दोन्ही फ्रेम एकत्रच अरुंद होतात, कारण त्या एकाच फांदीच्या, म्हणजे एकाच फ्रेमच्या विभागणीतून आलेल्या आहेत. प्रत्येक वेळी रेघ १० पिक्सेल सरकते. एंटर दाबल्यावर नवा आकार कायम होतो आणि एस्केपने बदल रद्द होतो. आकार फारच बिघडले तर अधिकचे चिन्ह दाबून फ्रेम पुन्हा समान करता येतात. फ्रेमची रुंदी किंवा उंची ५० पिक्सेलपेक्षा कमी होऊ दिली जात नाही, म्हणून लहान फ्रेम आणखी विभागण्यास नकार मिळाला तर तो बिघाड समजू नये.

टर्मिनलच्या कडेला कधीकधी रिकामी पट्टी उरते. अक्षरांच्या पूर्ण ओळी आणि स्तंभ मावतील एवढाच आकार टर्मिनल मागते, म्हणून ती उरते. सेटिंग्जच्या फाइलमध्ये इग्नोअर-डब्ल्यूएम-इंक-हिंट्स चालू केल्यास ती पट्टी जाते. मला स्वतःला हे सुरुवातीलाच करून टाकणे योग्य वाटते.

शिफ्ट-आर चालू फ्रेम काढते आणि तिची जागा शेजारच्या फ्रेमला मिळते. शिफ्ट-क्यू केवळ चालू फ्रेम ठेवून बाकी सर्व काढते. या दोहोंत एकही प्रोग्राम बंद होत नाही. प्रोग्राम बंद करणारी कळ के आहे, आणि ती बोटांना पक्की होईपर्यंत दाबण्यापूर्वी चालू फ्रेम कोणती हे अवश्य पाहावे.