ड्रॉइंगचा कंटाळा कसा घालवला – माझा अनुभव

शाळेत ड्रॉइंगच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, नंतर कॉलेज, नोकरी, आणि वही गेली कपाटात. अधूनमधून उत्साह यायचा, मग इन्स्टावर कोणाचं तरी जबरी पोर्ट्रेट दिसलं की हवा गुल!

मला उपयोग झाला तो एका तांब्याचा. घरचा साधा स्टीलचा तांब्या, दर दिवाळीच्या सुट्टीत तोच काढायचा, खाली तारीख टाकायची, बास. जुन्या पानांवर तांब्याचं तोंड मस्त गोल आणि बूड सरळ रेघ, म्हणजे पट्टीने मारल्यासारखं. खरं तर नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जाल तितका गोलाचा दिसणारा लंबगोल जास्त उघडतो, म्हणजे बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा हवा, आणि हे वाचून माहीत होतं पण हातात यायला काही वर्षं गेली. पानं शेजारी ठेवली की फरक दिसतो, मग कोणाच्या लाईकची गरज वाटत नाही.

रोजच्यासाठी लोकलमध्ये बॉलपेन आणि छोटी वही. खोडता येत नाही तेच बरं. आधी समोरच्या माणसाच्या पाठीचा बाक, मग खांदे, डोकं सगळ्यात शेवटी, तेवढ्यात माणूस दादरला उतरला तर उतरला, पुढचा घ्यायचा. (कोणी टक लावून बघायला लागलं तर मी डब्यातल्या पंख्याचं चित्र काढते.)

महागडे ब्रशपेन मात्र घेऊ नका बाबांनो, खराब होतील म्हणून ते उघडलेच जात नाहीत.