श्टुटगार्टला एअरोस्पेस शिकायला येताय? आधी नागरिकत्वाची ओळ वाचा

दर ऑक्टोबरला विद्यापीठाच्या भुयारी स्टेशनावर दोन-दोन जड बॅगा ओढत आपली मुलं-मुली उतरताना दिसतात. पुण्याची, नाशिकची, सांगलीची. मीही २०१७ साली कराडच्या सरकारी कॉलेजातून मेकॅनिकल करून असाच उतरलो होतो. आता इथे रुळलो आहे, नोकरी आहे. पण ज्या खड्ड्यात मी पडलो, त्याच खड्ड्यात पडलेली चार मुलं गेल्या तीन वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात डोळे पुसत बसलेली मी पाहिली, म्हणून हे लिहितोय.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो. भारतीयांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली पदवी आणि गुणपत्रिका तपासून दिलेला दाखला, लागतं; त्याचा अर्ज सगळ्यात आधी करा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. श्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. ती २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सुरू झाली, आमची पहिलीच तुकडी. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला आता सत्राचे ४,००० ते ६,००० युरो पडतात, त्यामुळे "जर्मनीत शिक्षण फुकट" असं सांगणाऱ्या एजंटाला हे आकडे दाखवा. हॉस्टेलचा अर्ज प्रवेशपत्र हातात पडेल त्याच दिवशी करा. खोली मिळाली की पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत.

आता मुख्य गोष्ट. एअरोस्पेस हे कॉम्प्युटर सायन्ससारखं क्षेत्र नाही. इथे तुमच्या हुशारीइतकाच तुमचा पासपोर्ट बघितला जातो. त्यात अपमान मानू नका, पण हे विसरूही नका.

डार्मश्टाट इथून ट्रेनने जवळ आहे, तिथे युरोपियन अवकाश संस्थेचं उपग्रह-नियंत्रण केंद्र आहे. येणारा प्रत्येक जण पहिल्या सत्रात तिथल्या इंटर्नशिपचं स्वप्न बघतो. पण त्या जागा सदस्य आणि सहकारी देशांच्या नागरिकांसाठी असतात आणि भारत त्यांत नाही. तुम्ही जर्मन विद्यापीठात शिकता, याने काही बदलत नाही. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलीने दोन महिने खपून तिथला अर्ज तयार केला. अटींचं पान तिने शेवटी उघडलं.

जर्मन अवकाश केंद्र, म्हणजे डीएलआर, वेगळं आहे. कोलोन, ब्राउनश्वाइग, ग्योटिंगन, ब्रेमेन, ओबरफाफेनहोफेन, आपल्या जवळचं लाम्पोल्ड्सहाउजेन, अशा अनेक ठिकाणी त्यांच्या संस्था आहेत आणि तिथे भारतीय विद्यार्थी प्रबंध करतात, पीएचडी करतात. लाम्पोल्ड्सहाउजेनला युरोपच्या आरियान रॉकेटांची व्हल्कँ आणि विंची ही इंजिनं उभ्या चाचणी-मंचावर पेटवून बघतात. मात्र तिथेही प्रकल्पागणिक अटी बदलतात. विचारल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

माझी चूक सांगतो. २०१९ साली मला एका कंपनीत मास्टर्सच्या प्रबंधासाठी जागा मिळाली. कंपनीचं नाव सांगणार नाही. विषय सुंदर होता, गरम वायूच्या नळीतले दाबाचे हेलकावे. करार चार पानांचा, जर्मन भाषेत. माझं जर्मन तेव्हा जेमतेम बी-१, म्हणजे मधल्या पातळीचं. पहिल्या पानावर मानधन वाचलं, चौथ्यावर सही केली. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं: सुरक्षा-तपासणी आणि निर्यात-नियंत्रणाची मंजुरी मिळाली तरच हा करार लागू होईल. निर्यात-नियंत्रण म्हणजे संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी माणसाच्या हाती देण्यावरचं सरकारी बंधन. ते वाक्य मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं, आणि सगळ्यांच्या करारात असेल म्हणून सोडून दिलं. हॉस्टेलची खोली सोडली. त्या गावात भाड्याने घर घेतलं, तीन महिन्यांचं डिपॉझिट भरलं. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून पैसे पाठवले होते. अकरा आठवडे मी रोज सकाळी मेल उघडत होतो. बाराव्या आठवड्यात मनुष्यबळ विभागातल्या बाईंचा फोन आला, "मंजुरी आलेली नाही, आणि येईल असं दिसत नाही." बाई सभ्यपणे बोलल्या. त्या विभागाचं निम्मं काम संरक्षण खात्याचं होतं, हे मला त्या फोनवर कळलं.

एक सत्र गेलं. पुन्हा १,५०० युरो फी. राहण्याचा परवाना वाढवायला गेलो तर पुन्हा खात्यात पैसे दाखवा. ते वर्ष माझ्या घराने कसं काढलं, ते मला आणि आईला माहीत.

म्हणून हात जोडून सांगतो. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा, मेलवर, फोनवर नव्हे. या जागेला नागरिकत्वाची अट आहे का? निर्यात-नियंत्रणाची किंवा सुरक्षेची मंजुरी लागते का, आणि लागत असेल तर मागच्या भारतीय विद्यार्थ्याला ती किती दिवसांत मिळाली? मंजुरी येईपर्यंत मी विद्यापीठात दुसरा विषय सुरू ठेवू शकतो का? जर्मन माणूस सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देतो, त्याला राग येत नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर ती जागा सोडा. आणि मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत खोली सोडू नका. खोली सोडू नका.

विद्यापीठातली संशोधन संस्था हा सगळ्यांत सुरक्षित रस्ता. निर्यातीचे नियम तिथेही आहेत, पण मूलभूत खुल्या संशोधनाला त्यांतून सूट असते. आमच्या फाफेनवाल्डरिंग रस्त्यावर अवकाश-प्रणाली संस्था आहे. तिथे विद्यार्थ्यांनी आणि पीएचडीवाल्यांनी मिळून 'फ्लाइंग लॅपटॉप' नावाचा साधारण ११० किलोचा उपग्रह बांधला. तो जुलै २०१७ मध्ये बैकोनूरहून गेला, मी यायच्या तीन महिने आधी. पहिल्याच हिवाळ्यात एक सीनियर मला नियंत्रण-कक्षात घेऊन गेला. माझ्याच वयाची एक मुलगी हेडफोन लावून बसली होती, समोर छापील कागद, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. उपग्रह क्षितिजावर आला की जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत ती एकेक आज्ञा मोठ्याने वाचायची, शेजारचा मुलगा ती परत म्हणायचा, मग बटण. काम संपल्यावर तिने कागदावर वेळ लिहिली आणि सही केली. मला हेच करायचंय, हे मला तिथे कळलं.

अशा ठिकाणी शिरायचं तर 'हिवी' व्हा, म्हणजे संस्थेत तासावर काम करणारा विद्यार्थी-सहायक. प्राध्यापकांना लांबलचक मेल पाठवू नका. संस्थेच्या पानावर पीएचडी करणाऱ्यांची नावं आणि विषय असतात. त्यांतल्या एकाला, त्याच्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न घालून, सहा ओळी लिहा. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम पॅशनेट" हा आपला मजकूर इथे कोणी वाचत नाही. हाताने काय केलंत ते लिहा. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' हा किलोभराचा उपग्रह बांधला आणि जून २०१६ मध्ये तो पीएसएलव्हीने गेला. अशा प्रकल्पात तुम्ही सर्किटची एखादी पाटी जरी सोल्डर केली असेल, तर तिचा फोटो आणि वही घेऊन या. गुणपत्रिकेपेक्षा त्यावर जास्त वेळ बोलणं होतं. भारताच्या रॉकेटांबद्दल इथल्या लोकांना खरा आदर आहे. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा डीएलआर-टबसॅट हा उपग्रह १९९९ साली श्रीहरिकोट्याहूनच गेला होता.

विद्यार्थी-संघटनांबद्दल आपले लोक चुकीचं सांगतात. "तो टाइमपास आहे, त्यापेक्षा डिलिव्हरीचं काम कर" हा सल्ला मला इथल्याच एका मराठी दादाने दिला होता. भाड्यासाठी काम करावं लागतं, मीही केलंय. पण वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करायची परवानगी आहे, ते सगळे पिझ्झा पोचवण्यात घालवू नका. इथल्या हायएंड संघटनेच्या मुलांनी नायट्रस ऑक्साईडवर चालणारं हायब्रिड रॉकेट, म्हणजे घन इंधन आणि द्रव ऑक्सिडायझर वापरणारं, बांधलं आणि एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनमधल्या एसरेंज तळावरून ६४ किलोमीटर उंच उडवलं. विद्यार्थ्यांच्या हायब्रिड रॉकेटांमधला तो विक्रम ठरला. केसॅट या इथल्या उपग्रह-संघटनेच्या मुलांचा प्रयोग २०१८ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेला. आकाफ्लीग या विद्यार्थ्यांच्या उड्डाण-गटात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, बांधतात. फायबरग्लासचं जगातलं पहिलं ग्लायडर, फोनिक्स, १९५७ साली त्यांच्याच हातून झालं. जर्मन विद्यापीठांतल्या गटांना रेक्सस-बेक्सस योजनेत रॉकेट आणि फुग्यावर प्रयोग पाठवता येतो. तुम्हाला फक्त शनिवारी कार्यशाळेत जाऊन राळ आणि कार्बनचं कापड हाताळायची तयारी हवी. पहिले दोन महिने कोणी कौतुक करणार नाही. झाडलोटही करावी लागेल. तिसऱ्या महिन्यात किल्ली देतात.

आणि जर्मन शिका. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कार्यशाळेतला फोरमन, करारातलं तिसरं पान आणि जेवणाच्या टेबलावरची गप्पा जर्मनमध्येच असतात. भारतातून बी-१ करून या, इथे वर्षात बी-२ करा. चार मराठी मुलांनी एक फ्लॅट घेऊन राहणं मला पटत नाही. पोळी-भाजीची सोय होते हे खरं, पण दोन वर्षांनी त्यांतल्या एकालाही भाडेकरार वाचता येत नाही. गणपतीला एकत्र या, दिवाळीला माझ्याकडे फराळाला या, पण राहताना एक तरी जर्मन सोबती असू द्या.

परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तारीख चुकली तर बसता येत नाही. एखादा सक्तीचा विषय ठरलेल्या सगळ्या प्रयत्नांत नापास झालात, तर तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. हे आपल्याकडच्या एटीकेटीसारखं नाही.

पीएचडी इथे नोकरी असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, पगार मिळतो, पेन्शनचे पैसे कापले जातात. अभियांत्रिकीत चार-पाच वर्षं सहज जातात. बाहेरून येणाऱ्यांसाठी डीएलआर आणि डाड (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) यांची एकत्रित शिष्यवृत्तीही आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्यामुळे घाबरून पहिल्याच करारावर सही करू नका. तो करार आधी मला पाठवा. संध्याकाळी सातनंतर मी घरी असतो, तिसरं पान आपण दोघं मिळून वाचू.