सरबताचे उडते शिंतोडे फोटोत पकडायचे तर

ग्लासात लिंबाची फोड पडताच उडणारे थेंब फोटोत थिजवतो तो फ्लॅश, शटर नव्हे. कमी पॉवरवर फ्लॅश फारच थोडा वेळ पेटतो. म्हणून कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवता येणारा फ्लॅश मॅन्युअल मोडवर (पॉवर आपण ठरवतो तो) पूर्ण पॉवरच्या १/३२ किंवा १/६४ ला लावा. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ आणि खोलीत अंधार. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्या झाकलेल्याच असतात, तीच वेळ साधा. फोटो काळपट आला तर पॉवर वाढवू नका, थेंब लांबट आणि पुसट दिसतील. फ्लॅश जवळ आणा किंवा आयएसओ वाढवा. मोबाइलचा एलईडी मात्र इथे उपयोगाचा नाही, तो बराच वेळ पेटून राहतो.

फ्लॅश ग्लासच्या मागे, मध्ये बटर पेपर. जालन्याच्या मोसंबीचा रस असा मागून उजळला की सुंदरच दिसतो; फक्त तो गाळून, पाणी घालून पातळ करा.

फोड जिथे पडणार तिथे चमचा धरून फोकस घ्या, मग ऑटोफोकस बंद. फ्लॅशवर पारदर्शक पिशवी चढवा आणि वायरी लांब ठेवा.

सराव साध्या पाण्यावर करा, ग्लास मोठ्या परातीत ठेवून. आपल्याकडे मे महिन्यात टँकरची वाट पाहणारी गावं आहेत. सांडलेलं पाणी परत ग्लासात ओता, शेवटी तुळशीला घाला. रस वापराल तो अगदी शेवटच्या फोटोंपुरता.