जोडताऱ्यांच्या जेटची रात्र: निघण्याआधी

हवाईतल्या केक दुर्बिणीवर तरुण जोडताऱ्यांचे जेट, म्हणजे वायूचे झोत, टिपायला रात्र मिळाली असेल तर निर्देशांक, फाइंडर चार्ट वगैरे सांगत बसत नाही. गरम कपड्यांचंही ओझं नको, निरीक्षक बसतात खाली वायमेआ गावात, शिखरावर नाही. यादीत सगळ्यात वर लिहा: संदर्भ तारा, म्हणजे ज्याची प्रतिमा जोडीच्या प्रतिमेतून वजा करायची तो तारा. मागच्या खेपेला तो राहिला आणि ती सगळी रात्र फुकट गेली.

एनआयआरसी-२ या केकच्या अवरक्त कॅमेऱ्यावर जेट दिसतो आयनित लोहाच्या फिल्टरमधून, १.६४ मायक्रॉनच्या आसपास. ताऱ्याचा उजेड वजा करायला कंटिन्युअमचा (लोहाच्या रेषेबाहेरच्या, नुसत्या ताऱ्याच्या उजेडाचा) फिल्टर आहे, पण तो १.५८ वर. तरंगलांबीत ४ टक्के फरक, म्हणजे ताऱ्याभोवतीची विवर्तनाची कडीही तेवढीच आतबाहेर. वजाबाकी केली की जेटच्या गाठी वाटाव्यात असे ठिपके उरतात. एकच तारा असता तर ताणूनतुणून जमवलं असतं. इथे दोघांचे रंग निराळे. एकाला जुळवलं की दुसरा उरतो, आणि त्याचं वलय नेमकं पहिल्याच्या जेटच्या मुळाशी येऊन बसतं. म्हणून संदर्भ तारा, तोही लोहाच्याच फिल्टरमधून. नुसता कंटिन्युअममधून घेतलात तर घेतला नाही असंच समजा.

तेज आणि रंग जोडीसारखा हवा, आकाशात जवळ हवा, आणि मुख्य म्हणजे एकटा हवा. गाया उपग्रहाच्या कॅटलॉगमध्ये रुवे (मोजमाप एकट्या ताऱ्याशी किती जुळतं ते सांगणारा आकडा) १.४ च्या वर दिसला तर पुढचा शोधा. संदर्भ ताराच जोडतारा निघाला तर कोणाला सांगणार? दोन तरी नावं ठेवा.

अॅडॉप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेची थरथर दुरुस्त करणारी यंत्रणा) ज्या ताऱ्यावर लॉक होणार त्याचं तेज जुन्या कॅटलॉगमधून उचलू नका. हे तारे लहरी असतात. सारथीतला आरडब्ल्यू ऑरिगी २०१०-११ मध्ये जवळपास २ मॅग्निट्यूडने मंदावला, २०१४ मध्ये पुन्हा. निघायच्या आठवड्यात एएव्हीएसओ या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षक संघटनेचा तेजाचा आलेख बघा.

जेटची दिशा जुन्या पेपरांतून काढून ठेवा. केकच्या षटकोनी आरशामुळे ताऱ्याला सहा काटे फुटतात. ते जेटवर पडणार नाहीत अशी वेळ धरा. संदर्भ ताराही त्याच कोनात. हो, पुन्हा तोच!

यंदा थोडं, पुढच्या वर्षी थोडं, हा हिशेब इथे चालत नाही. वृषभात, १४० पार्सेकवर, सेकंदाला २०० किमी वेगाने आडवी जाणारी गाठ वर्षाला ०.३ आर्कसेकंद सरकते. केकची भेदनक्षमता या तरंगलांबीला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि संदर्भ तारा पुढच्या हंगामात घेऊ म्हणाल, तर तोवर आरशाची, हवेची तऱ्हा बदललेली असते. त्याच रात्री, जोडी-संदर्भ-जोडी या क्रमानेच.

एक्स्पोजर छोटे, पुष्कळ. सॅच्युरेशन तपासा. फ्लॅट, डार्क, स्काय या दुरुस्तीच्या प्रतिमा नेहमीच्याच. डेटा दोन ठिकाणी. ढगांनी वेळ खाल्ला तर जोडीचे एक्स्पोजर कापा, संदर्भ ताऱ्याचे नाही.