१.० चा सेटअप १.१ च्या दिवशी रडवतो: एमएसआय बनवताना या चुका टाळा

विंडोजवर प्रोग्रॅम बसवणारा सेटअप, म्हणजे एमएसआय फाइल, बनवायचं काम बहुतेक टीममध्ये रिलीजच्या तोंडावर कुणाच्या तरी गळ्यात पडतं. कोऱ्या मशीनवर प्रोग्रॅम चढतो, काढला की निघतो, टेस्टर हिरवा कंदील दाखवतो आणि तो विषय तिथेच संपतो. खरी परीक्षा पुढच्या व्हर्जनला होते.

त्यामागचं कारण समजून घ्या, पुढच्या निम्म्या चुका त्यातूनच येतात. विंडोज प्रत्येक एमएसआयची एक प्रत सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये, ‘इन्स्टॉलर’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवून देतं. मेजर अपग्रेडच्या (जुनं व्हर्जन पूर्ण काढून नवं बसवण्याच्या) वेळी जुना प्रोग्रॅम काढला जातो तो या जुन्या प्रतीतल्या सूचनांनुसार. म्हणजे १.० मध्ये तुम्ही लिहिलेली चुकीची अट १.१ च्या दिवशी ग्राहकाच्या मशीनवर चालते, आणि १.१ च्या एमएसआयमध्ये काहीही लिहून ती बदलता येत नाही. म्हणून १.० बाहेर देण्याआधीच एक खोटा १.१ बनवा आणि १.० वर चढवून पाहा.

१६०३ गूगल करत बसू नका

सेटअप पडला की दिसणाऱ्या १६०३ या एरर कोडचा अर्थ एवढाच, की काहीतरी बिनसलं. त्या आकड्यावरून कारण शोधणारे दिवस घालवतात. एमएसआयएक्झेकला (एमएसआय चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमला) ‘स्लॅश एल स्टार व्ही’ हा स्विच आणि फाइलचं नाव देऊन सविस्तर लॉग काढा, त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा आणि जिथे ते पहिल्यांदा सापडेल तिथून वर वाचत जा. लॉगच्या शेवटी दिसणाऱ्या चुका बहुधा रोलबॅकच्या (केलेले बदल मागे घेण्याच्या) गडबडीतल्या असतात, मूळ दुखणं वर असतं. ३०१० ही चूक नाही, फक्त रीस्टार्ट हवा आहे. १६१८ म्हणजे दुसरं एखादं इन्स्टॉलेशन चालू आहे. आणि ‘स्लॅश क्यू एन’ देऊन गुपचूप चालवताना अ‍ॅडमिनचे अधिकार नसतील, तर परवानगी विचारणारी खिडकीसुद्धा येत नाही. सेटअप मुकाट्याने पडतो.

कंट्रोल पॅनलमध्ये एकच प्रोग्रॅम दोनदा

नेहमी येणारी तक्रार. एमएसआयला तीन ओळखी असतात, प्रत्येक म्हणजे एक जीयूआयडी (पुन्हा न येणारा लांब कोड). पॅकेज कोड प्रत्येक बिल्डला नवा हवा. प्रॉडक्ट कोड मेजर अपग्रेडला बदलायचा. अपग्रेड कोड मात्र त्या प्रॉडक्टच्या जन्मापासून शेवटपर्यंत तोच ठेवायचा. कुणीतरी जुना प्रोजेक्ट कॉपी करून ‘सगळे जीयूआयडी नवे करून टाकू’ म्हणतं आणि अपग्रेड कोडही बदलतो. मग नव्या सेटअपला जुनं भावंड ओळखूच येत नाही.

तिन्ही कोड बरोबर असूनही दोन नोंदी दिसत असतील तर व्हर्जन पाहा. विंडोज इन्स्टॉलर व्हर्जनचे पहिले तीनच आकडे मोजतो, चौथ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. २.३.१.० वरून २.३.१.५ ला गेलात, तर त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. ज्यांचा बिल्ड सर्व्हर फक्त चौथा आकडा वाढवतो, ते सगळे या खड्ड्यात पडतात. पहिल्या दोन आकड्यांची कमाल मर्यादा २५५ आहे, तिसऱ्याची ६५५३५. त्यामुळे सालावरून २०२५.१ असं व्हर्जन ठेवायची हौस इथे चालत नाही, २५.१ करा.

हेही ठीक असेल, तर एक व्हर्जन सगळ्या यूझर्ससाठी आणि दुसरं फक्त त्या यूझरसाठी बसलं असणार. जुनी व्हर्जन्स शोधणारी पायरी फक्त आपल्याच प्रकारातली शोधते. पहिल्या रिलीजला एक प्रकार ठरवा आणि तो पुन्हा बदलू नका.

अपग्रेड यशस्वी, पण एक डीएलएल गायब

हे दुखणं सगळ्यात चकवणारं. लॉगमध्ये चूक नाही, शेवटी यश लिहिलेलं, आणि प्रोग्रॅम उघडायला जावं तर डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी फाइल) नाही. रिपेअर केलं की ती परत येते. रिपेअरने बरं होत असेल तर निदान जवळजवळ नक्की समजा.

घडतं असं: नवा सेटअप आधी हिशेब करतो, कुठली फाइल टाकायची आणि कुठली नाही. डिस्कवरच्या डीएलएलचं व्हर्जन नव्या सेटअपमधल्या डीएलएलपेक्षा वरचं असेल, तर तो म्हणतो, इथे आधीच चांगली फाइल आहे, मी टाकत नाही. त्यानंतर जुना प्रॉडक्ट काढायची पाळी येते आणि तो जाताना ती ‘चांगली’ फाइल घेऊन जातो. हिशेब पुन्हा होत नाही. लॉगमध्ये ‘डिसअलाउइंग इन्स्टॉलेशन ऑफ कंपोनंट’ अशी ओळ सापडेल.

व्हर्जन मागे जातं कसं? बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीची लायब्ररी नव्या व्हर्जनमध्ये त्रास देते म्हणून कुणीतरी जुनी परत घालतं. यावर ‘रीइन्स्टॉलमोड’ या सेटिंगमध्ये ओऐवजी ए लिहून सगळ्या फाइली जबरदस्तीने टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. तो स्विच पूर्ण पॅकेजला लागतो, इतर प्रोग्रॅमही वापरत असलेल्या फाइली त्यात मागे जाऊ शकतात. त्यापेक्षा त्या लायब्ररीला नवं फोल्डर द्या, किंवा एमएसआयच्या फाइल टेबलात तेवढ्या एका फाइलचं व्हर्जन वाढवून लिहा. हो, ते खोटं बोलणंच आहे, पण ते एका फाइलपुरतं राहतं.

जुनं काढायची पायरी अगदी शेवटी ठेवली तर हा प्रश्न टळतो, पण मग कंपोनंटचे (सेटअपमधल्या फाइलींच्या सगळ्यात लहान गटाचे) नियम काटेकोर पाळावे लागतात. एकाच जागेवरच्या एकाच फाइलला दोन व्हर्जन्समध्ये वेगळे जीयूआयडी दिले, तर नव्याने टाकलेली फाइल जुना प्रॉडक्ट जाताना पुसतो. मायक्रोसॉफ्टने २००४ साली सोर्सफोर्जवर खुला केलेला विक्स (एमएसआय बनवायचं साधन) वापरत असाल, तर जीयूआयडीच्या जागी फक्त तारा ठेवा. तो फाइलच्या जागेवरून जीयूआयडी काढतो, त्यामुळे दर बिल्डला तोच येतो.

अपग्रेड केलं आणि डेटाबेस उडाला

अनइन्स्टॉलच्या वेळी डेटा फोल्डर साफ करणारी कस्टम अ‍ॅक्शन (सेटअपमध्ये आपण स्वतः घातलेली कृती) लोक मोठ्या प्रेमाने लिहितात. अट घालतात: रिमूव्ह बरोबर ऑल, म्हणजे पूर्ण अनइन्स्टॉल. पण मेजर अपग्रेडमध्ये जुन्या प्रॉडक्टसाठी हीच अट खरी ठरते! अटीत ‘अपग्रेडिंगप्रॉडक्टकोड’ रिकामा असला पाहिजे, हेही घालावं लागतं. तो फक्त अपग्रेडमुळे होणाऱ्या अनइन्स्टॉलमध्ये भरलेला असतो.

ही चूक असलेला १.० आधीच बाहेर गेला असेल तर? १.१ मध्ये दुरुस्ती करून उपयोग नाही, हे वर आलंच. आधी १.० साठी एक मायनर अपग्रेड द्या, म्हणजे प्रॉडक्ट कोड तोच ठेवून दुरुस्त केलेला एमएसआय. तो विंडोजच्या फोल्डरातली जुनी प्रत बदलतो. मग १.१ चढवा.

याच कुळातली आणखी एक चूक. डिफर्ड (प्रत्यक्ष बदल होताना चालणारी) कस्टम अ‍ॅक्शन सिस्टिमच्या नावाने चालवता, मग तिला यूझरचा झेड ड्राइव्ह दिसत नाही, आणि सेटअपमधल्या प्रॉपर्टीही थेट वाचता येत नाहीत. हवं ते ‘कस्टमअ‍ॅक्शनडेटा’मधून पाठवा. यूझरने बदललेली कॉन्फिग फाइल जपायची असेल तर ती सेटअपने टाकूच नये. मूळ नमुना टाका, यूझरची प्रत प्रोग्रॅमने पहिल्यांदा उघडताना बनवावी.

मायनर अपग्रेड आणि पॅच

मायनर अपग्रेडवर डबल क्लिक केलं की १६३८ येतो: दुसरं व्हर्जन आधीच आहे. तो कमांड लाइनवरून चालवायचा, ‘रीइन्स्टॉल’ला ऑल आणि ‘रीइन्स्टॉलमोड’ला व्हीओएमयूएस देऊन. यातला व्ही गाळला तर विंडोज जुनीच प्रत वापरत राहतं.

पॅच म्हणजे एमएसपी, दोन एमएसआयमधला फरक. तो १६४२ देत असेल तर समोरच्या मशीनवर तुम्ही गृहीत धरलेलं व्हर्जन नाही. पॅच बनवताना जुनी बाजू म्हणून ग्राहकाला दिलेला तोच एमएसआय घ्या. सोर्स कोडच्या टॅगवरून पुन्हा बिल्ड केलेला नको, फरक जुन्या फाइलच्या बाइट्सवर काढलेला असतो. दोन्ही एमएसआय अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह इन्स्टॉलने आधी उलगडून घ्या. आणि कंपोनंट कधीही गाळू नका. गाळलात तर लॉगमध्ये सेलएमजीआरने सुरू होणारी ओळ येते, की फीचरमधून (कंपोनंटांच्या गटातून) कंपोनंट काढणं चालत नाही. मग ते फीचर अर्धवट अवस्थेत लटकतं.

माझं स्पष्ट मत: छोट्या टीमने पॅचच्या वाटेला जाऊ नये. सेटअप शेकडो एमबींचा नसेल, तर मेजर अपग्रेड पुरे.

ग्राहकाकडच्या आयटीवाल्याने जागा मोकळी करायला ‘इन्स्टॉलर’ फोल्डर रिकामं केलं असेल, तर अपग्रेडच्या वेळी १६१२ किंवा १७१४ ही चूक येते. मूळ एमएसआय हातात असेल तरच सुटका, म्हणून दिलेला प्रत्येक बिल्ड जपून ठेवा. त्याच आयटीवाल्याची स्क्रिप्ट ‘विन३२ प्रॉडक्ट’ वापरून प्रोग्रॅमची यादी काढत असेल, तर तेही थांबवायला सांगा. त्या एका प्रश्नाने विंडोज मशीनवरचा प्रत्येक एमएसआय तपासतं, गरज वाटली तर दुरुस्तही करतं. इव्हेंट लॉगमध्ये १०३५ ची रांग दिसली की समजा.

मराठी सेटअपची अडचण

एमएसआयमधला मजकूर एका कोडपेजमध्ये (अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात) साठवला जातो, आणि देवनागरीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं एएनएसआय कोडपेजच नाही. म्हणून प्रॉडक्टच्या नावात मराठी लिहिलं की विक्सचं जुनं लाइट (एमएसआय जोडणारा प्रोग्रॅम) ०३११ ही चूक देतं: ही अक्षरं १२५२ या कोडपेजमध्ये नाहीत. कोडपेज ६५००१ (यूटीएफ-८) केलं की बिल्ड होतो, पण एमएसआयच्या स्वतःच्या खिडक्यांत अक्षरं बिघडण्याचा धोका राहतो. पूर्ण मराठी खिडक्या हव्या असतील तर त्या बाहेरच्या बूटस्ट्रॅपरमध्ये (एमएसआय चालवणाऱ्या वेगळ्या सेटअपमध्ये) बनवा, आत एमएसआय इंग्रजीच ठेवून तो गुपचूप चालवा.